थोडक्यांत टळलेले अपघात व त्यांची नोंद

हंगामाच्या दिवसांत कोणत्याहि गांवच्या पारावर सायंकाळीं घटकाभर बसावें, म्हणजे एक वाक्य हटकून कानीं पडतें : “आज थोडक्यांत वांचलों.” कोणाचा पाय विहिरीच्या काठावरून निसटलेला असतो, कोणाच्या धोतराचा सोगा यंत्राच्या पट्ट्यांत जातां जातां राहिलेला असतो, कोणाची भरलेली ट्रॉली उतारावर मागें सरकून बांधाला अडकलेली असते. ऐकणारे हळहळतात, एखाद्याला मागचा तसाच प्रसंग आठवतो, देवाची कृपा म्हणून हात जोडले जातात. घरीं गेल्यावर म्हातारी मीठमोहऱ्या उतरून टाकते, आणि दुसरे दिवशीं तोच मनुष्य त्याच यंत्रापुढें त्याच जागीं उभा राहतो. पट्ट्यावर जाळी काल नव्हती, ती आजहि नसते.

असल्या टळलेल्या अपघाताची किंमत आम्हांस फार उशिरां कळली. ती कशी कळली तें सांगावें, आणि आमच्या मंडळाच्या सभासदांनीं तिचा उपयोग कसा करून घ्यावा याचा थोडा विचार करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. शेतींतील अपघातांवर व्याख्यानें पुष्कळ होतात. परंतु तीं बहुधा घडलेल्या अपघातांवर असतात. घडलेला अपघात शिकवितो खरा, पण त्याची फी हात, डोळा किंवा जीव अशा नाण्यांत द्यावी लागते. टळलेल्या अपघातांत तोच धडा फुकट मिळत असतां तो आपण घेत नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें.

आमची सारी नोकरी तहसील कचेरींत कारकुनी करण्यांत गेली. शेवटच्या कांहीं वर्षांत शेतकऱ्यांच्या अपघाताचीं प्रकरणें आमच्या टेबलावरून जात. सरकारची ही योजना पूर्वीं विम्याच्या स्वरूपाची होती. 2023 पासून ती सानुग्रह अनुदानाच्या रूपानें चालते. खातेदार शेतकरी अथवा त्याच्या कुटुंबांतील एक व्यक्ति अपघातानें मरण पावल्यास 2 लाख रुपये, आणि एक हात, एक पाय किंवा एक डोळा निकामी झाल्यास 1 लाख रुपये मिळतात. सातबारा, वारसांची नोंद, पंचनामा, पोलिसांचा अहवाल, डॉक्टरांचा दाखला असे कागद एकास एक जोडून आम्ही टिपण तयार करीत असूं. टिपणांत अपघाताच्या कारणाचा एक रकाना असे. त्यांत ‘यंत्रांत हात गेल्यामुळें’, ‘विजेचा धक्का लागून’, ‘विहिरींत पडून’ असें लिहिलें कीं काम भागे. आतां स्वस्थपणें विचार केला तर यंत्रांत हात गेल्यामुळें हात तुटला, ह्यांत कारण कोठेंच नाहीं. घडलेली गोष्टच त्यांत पुन्हा एकदां सांगितलेली आहे. हात यंत्रापर्यंत पोंचला कसा, हा खरा प्रश्न.

एक प्रकरण आमच्या मनांतून जात नाहीं. सोयाबीनची मळणी चालली होती व रात्र झाली होती. ट्रॅक्टरच्या दिव्याच्या उजेडांत घरची सून मळणीयंत्रांत, ज्यास आमच्या भागांत हडंबा म्हणतात त्यांत, पेंढ्या घालीत होती. तिचा उजवा हात कोपरापर्यंत गेला. पंचनाम्याबरोबरच्या जबाबांत एका शेजाऱ्याचें म्हणणें होतें कीं, आठ दिवसांपूर्वीं ह्याच हडंब्यानें दुसऱ्या एका बाईची पेंढी ओढतांना तिचा हात मनगटापर्यंत आंत नेला होता. बांगड्या फुटल्या, परंतु हात वांचला. टिपण करतांना तें वाक्य आम्हीं गाळलें. प्रस्तुत प्रकरणाशीं त्याचा संबंध नाहीं असें आम्हांस वाटलें. अनुदान योग्य त्या घरीं वेळेवर पोंचलें, आणि काम चोख झालें म्हणून समाधानहि वाटलें. त्या सबंध फाइलींत पुढच्या माणसाच्या उपयोगाचें वाक्य तेवढें एकच होतें, हें कळावयास आम्हांस नोकरी सोडून घरीं बसावें लागलें.

ज्यांच्या घरीं हडंबा आहे त्यांच्यासाठीं येथें थोडें विषयांतर करितों. मळणीयंत्रांत हात जाण्याचे प्रकार देशभर घडूं लागल्यावर केंद्र सरकारनें 1983 सालीं धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला, व शक्तीवर चालणारीं मळणीयंत्रें त्याच्या कक्षेंत आणलीं. पेंढी आंत सारण्याचा जो पन्हळ असतो, तो कमींत कमी 90 सेंटिमीटर लांब असावा व त्यांतील ड्रमाकडचा 45 सेंटिमीटर भाग वरून झांकलेला असावा, असें प्रमाण ठरलेलें आहे. मनुष्याचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत पाऊण मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे पन्हळ पुरता लांब असला तर मनुष्य कितीहि थकलेला असो, त्याचा हात दातांपर्यंत पोंचतच नाहीं. परंतु काम झपाट्यानें उरकावें म्हणून पुष्कळ ठिकाणीं हा पन्हळ कापून आंखूड करितात, किंवा झांकण काढून कोपऱ्यांत टाकितात. वरील प्रकरणांतील पन्हळ किती लांब होता ? फाइलींत तें नव्हतें. कोणी तो मोजलाच नव्हता, आणि मोजावा असें सुचविणारा रकानाहि नव्हता. वाचकांनीं आपल्या घरचा पन्हळ उद्यां टेपानें मोजावा.

हें सारें डोळ्यांपुढून गेलें असतांहि आम्ही शहाणे झालों होतों असें मात्र नाहीं. सेवानिवृत्तीनंतर आम्ही घरची शेती पाहूं लागलों. विहिरीवर मोटारीच्या स्टार्टरची लोखंडी पेटी एका लोखंडी अँगलवर बसविलेली आहे. ज्येष्ठाच्या अखेरीस एके सकाळीं आमचा सालगडी म्हणाला, “भाऊसाहेब, पेटीला हात लावला कीं मुंग्या येतात.” आम्हीं वर्तमानपत्रांतून डोकें न काढतां सांगितलें, “चपला घालून जात जा, आणि कोरड्या फडक्यानें कळ दाबीत जा.” सल्ला अगदींच खोटा नव्हता. म्हणूनच तो देऊन आपलें काम संपलें असें आम्हांस वाटलें, आणि सालगड्याचेंहि तोंड बंद झालें.

श्रावणांत तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशीं ऊन पडलें म्हणून बैल विहिरीजवळ चरावयास सोडले होते. त्यांतील एकानें मान खाजविण्यासाठीं त्या अँगलला अंग घांसलें आणि तो जागच्या जागीं कोसळला. गोऱ्हा असल्यापासून सालगड्यानें त्यास वाढविलें होतें. तो धांवत सुटला, तेव्हां सुदैवानें शेजाऱ्यानें त्याची कंबर धरून त्यास मागें ओढलें, आणि दुसऱ्यानें खांबावरची वीज तोडली. एवढें झालें नसतें तर आमच्या टेबलावरून जाणाऱ्या फाइलींपैकीं एक आमच्याच शेतांतून निघाली असती. आणि सालगड्याच्या नांवें जमीन नसल्यामुळें त्या योजनेखालीं त्याच्या मुलांबाळांस कांहीं मिळालेंहि नसतें. पोळ्याला अकरा दिवस होते. त्या पोळ्यास आमच्या दारीं एकच बैल सजला.

वायरमन आला, त्यानें पेटी उघडली. केबल जेथें पेटींत शिरते तेथें पत्र्याच्या धारेवर घांसून तिचें वेष्टण बोटभर उडालें होतें. अर्थिंगची तार जमिनीलगत गंजून तुटली होती. केबलमधून पत्र्यांत आलेली वीज जमिनींत उतरून जावी व फ्यूज उडावा, ती वाटच नाहींशी झाली होती. सबंध पेटी व अँगल यांवर विजेचा दाब उभा होता; वाट पाहत होता म्हटलें तरी चालेल.

येथें एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण टळलेल्या अपघाताचें सारें मर्म तींत आहे. अंगांतून सुमारें 1 मिलिअँपिअर प्रवाह गेला तर मुंग्या आल्यासारखें वाटतें. 10 च्या पुढें गेला कीं स्नायू आवळले जातात आणि धरलेली वस्तु सुटत नाहीं. 50 च्या आसपास प्रवाह छातींतून गेला तर हृदयाची गति बिघडून मनुष्य दगावूं शकतो. पेटीवरील दाब ज्येष्ठांत होता तोच श्रावणांत होता. उडालेलें वेष्टण तेंच, तुटलेली तार तीच. मध्यें चप्पल आहे कीं ओलें पाऊल, कोरडी माती आहे कीं चिखल, एवढ्यावर 1 आणि 50 यांतील अंतर अवलंबून. बैलाचे चारी पाय ओल्या जमिनीवर, त्यांत लोखंडी नाल, म्हणून तो माणसाच्या आधीं गेला. सालगड्यास आलेल्या मुंग्यांना आम्हीं किरकोळ त्रास समजलों. वस्तुतः तो सबंध अपघातच होता. त्या दिवशीं जमीन तेवढी कोरडी होती.

बैल पुरून झाल्यावर आम्हीं चौकशी केली. कचेरीची संवय अशी लवकर जात नाहीं. तेव्हां असें आढळून आलें कीं, त्या पेटीच्या मुंग्या चौघांस ठाऊक होत्या. सौभाग्यवतीनें एकदां हंडा भरण्यासाठीं मोटार लाविली, तेव्हां तिच्या बोटांस झिणझिण्या आल्या होत्या. हात ओला असेल म्हणून ती बोलली नाहीं. पाळीचें पाणी घेणाऱ्या शेजाऱ्यास दोन वेळां जाणवलें होतें. “तुम्हांस ठाऊक असेल असें वाटलें,” असें तो म्हणाला. सालगड्यानें सांगितलें होतें, आणि आम्हीं ऐकलें होतें. चार माणसांजवळ चार तुकडे होते आणि ते कोणीं एकत्र ठेविले नव्हते.

“अरे, पुन्हां कां नाहीं बोललास ?” असें आम्हीं सालगड्यास विचारलें. तो बराच वेळ पायाच्या अंगठ्यानें माती उकरीत राहिला. मग म्हणाला, “मागें पाइप फुटला तेव्हां मी आपण होऊन सांगायला आलों. त्याचे पैसे तुम्हीं माझ्या सालांतून वळते केलेत. पेटीचें पुन्हां सांगितलें असतें तर पेटी मींच बिघडविली असें झालें असतें.” पैसे आम्हीं त्याच दिवशीं परत दिले. परंतु पाइपाची किंमत वसूल करण्याच्या नादांत आपण काय विकत घेतलें होतें, तें त्या क्षणीं आम्हांस कळलें.

हा प्रकार केवळ आमच्या बांधावरचा नव्हे. जेथें यंत्रें मोठीं व माणसें फार शिकलेलीं, तेथेंहि हाच पेंच पडतो, म्हणून एक दूरची गोष्ट सांगतों. 1 डिसेंबर 1974 रोजीं अमेरिकेंत ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स कंपनीचें एक प्रवासी विमान वॉशिंग्टननजीकच्या डलेस विमानतळावर उतरण्याच्या बेतांत असतां व्हर्जिनिया प्रांतांतील एका डोंगरावर आदळलें, आणि त्यांतील सर्व 92 माणसें मरण पावलीं. उतरण्याची परवानगी मिळाली म्हणजे किती खालीं यावयाचें, ह्या शब्दांचा अर्थ वैमानिकानें एक घेतला होता व जमिनीवरील नियंत्रकांनीं दुसरा. चौकशींत असें निघालें कीं, सुमारें सहा आठवड्यांपूर्वीं दुसऱ्या एका कंपनीचें विमान त्याच मार्गानें, तशाच गैरसमजानें, त्याच डोंगरावरून थोडक्यांत वांचून गेलें होतें. त्या वैमानिकांनीं आपल्या कंपनीस कळविलें, कंपनीनें आपल्या इतर वैमानिकांस सावध केलें. परंतु बातमी कंपनीच्या कुंपणाबाहेर गेली नाहीं. आमच्या शेजाऱ्यास ठाऊक होतें आणि आम्हांस नव्हतें, त्यांतलाच हा प्रकार.

त्यानंतर तेथें असे टळलेले प्रसंग कळविण्याची व्यवस्था करण्याचें ठरलें. पहिली अडचण अशी आली कीं, विमानवाहतुकीचें जें सरकारी खातें परवाने देतें व दंड करितें, त्याच खात्याकडे आपली चूक लिहून पाठविण्यास वैमानिक कचरत. म्हणून 1976 पासून हें काम नासा ह्या संशोधन संस्थेकडे सोंपविलें. तिला कोणाचा परवाना रद्द करण्याचा अधिकार नाहीं. आलेल्या पत्रांतील नांवगांव काढून टाकितात, मजकूर तेवढा ठेवितात, व त्यांतून निघालेल्या सूचना सर्वांस छापून पाठवितात. चूक जाणूनबुजून केलेली नसेल आणि दहा दिवसांच्या आंत कळविली असेल, तर दंड माफ होतो. ही पद्धत आजहि चालू आहे. आम्हांस तींतील विशेष वाटला तो हा, कीं ऐकणारा आणि शिक्षा करणारा निरनिराळे ठेविले. शेतावर मालक हाच दोन्ही असतो; आपल्याकडे गाडें अडतें तें येथें.

फवारणीच्या कामांत हा विषय अधिक निकडीचा आहे. 2017 सालच्या खरिपांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेंकडों जणांस रुग्णालयांत न्यावें लागलें. कपाशी उंच वाढलेली, फवारा तोंडावर येणारा, दोन-तीन औषधें एकत्र कालविण्याची चाल, आणि तोंडावर धड फडकेंहि नाहीं, अशीं कारणें पुढें आलीं. परंतु फवारणीचें काम ज्यांनीं केलें आहे त्यांस विचारावें, मरणाच्या आधींची पायरी त्यांस चांगली ठाऊक आहे. दुपारनंतर डोकें जड होतें, मळमळतें, तोंडास पाणी सुटतें, डोळ्यांपुढें अंधुक दिसतें. “औषध चढलें” असें म्हणून मनुष्य झाडाखालीं निजतो, लिंबाचें सरबत पितो, आणि सकाळीं पुन्हां पंप पाठीवर घेतो.

ही भोवळ म्हणजे स्टार्टरच्या पेटीच्या मुंग्याच होत, किंबहुना त्यांहून वाईट. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस वगैरे सेंद्रिय फॉस्फरस वर्गांतील औषधें शरीरांतील कोलिनेस्टरेज नांवाचें द्रव्य निकामी करितात. मज्जातंतूंचा निरोप स्नायूंस पोंचल्यावर तो थांबविण्याचें काम ह्या द्रव्याकडे असतें. तें घटलें म्हणजे निरोप थांबत नाहीं, लाळ व घाम सुटतो, श्वास कोंडतो. मनुष्यास दुसऱ्या दिवशीं बरें वाटलें तरी घटलेलें द्रव्य पूर्ववत् भरून येण्यास कित्येक आठवडे लागतात. तेवढ्या अवधींत तो पुन्हां फवारावयास गेला तर पहिल्या दिवशीं भोवळ आणणारी मात्रा त्यास प्राणघातक होऊं शकते. सबब ज्यास औषध चढलें त्याचे कपडे बदलून साबणानें अंग धुवावें, डब्यावरील चिठ्ठीसह डॉक्टरांकडे न्यावें, आणि डॉक्टर परवानगी देईपर्यंत त्यास फवारणीस लावूं नये. त्यास दुसरें काम द्यावें व मजुरी तीच द्यावी. मजुरी कापली तर पुढचा मनुष्य भोवळ आल्याचें सांगणारच नाहीं. तो पडल्यावरच आपणांस कळेल.

कांहीं वाचक म्हणतील कीं अशुभ गोष्टी लिहून ठेवणें बरें नव्हे; लिहिलेलें खरें होतें. आमच्या मातोश्रींचेंहि तेंच मत होतें. त्यांस आमचें एवढेंच सांगणें कीं, देवानें वांचविलें म्हणून नारळ अवश्य फोडावा, परंतु त्याच दिवशीं बोल्टहि आवळावा.

दुसरें कांहीं जण आंकडे पुढें करितील. 1931 सालीं अमेरिकेंतील एका विमा कंपनीच्या हाइनरिक नांवाच्या अधिकाऱ्यानें कारखान्यांतील अपघातांवर पुस्तक लिहिलें, आणि एका मोठ्या इजेमागें 29 किरकोळ इजा व 300 बिनइजेचे प्रसंग असतात असें प्रमाण मांडलें. हे आंकडे फार गाजले. पुढें अभ्यासकांनीं त्यांवर आक्षेप घेतले, कारण ज्या मूळ कागदांवरून ते काढले ते तपासावयास मिळाले नाहींत, आणि धंद्याधंद्यांत प्रमाण निराळें पडतें. जन्मभर कारकुनी केल्यामुळें आंकड्यांचा मोह आम्हांस आहे, तरी ह्या बाबतींत तो सोडावा असें आम्हांस वाटतें. विळ्यानें बोट कापल्याच्या शंभर नोंदी झाल्या तरी त्यांतून हडंब्याविषयीं कांहीं कळावयाचें नाहीं. नोंद करण्याजोगा प्रसंग कोणता, हें ओळखण्यास एक प्रश्न पुरतो : वीतभर इकडेतिकडे किंवा क्षणभर मागेंपुढें झालें असतें तर मनुष्य जिवंत व धड राहिला असता काय ? ज्याचें उत्तर ‘नाहीं’ तो प्रसंग लिहावा, मग त्यांत रक्ताचा थेंबहि सांडलेला नसो. नोंदी वाढल्या म्हणजे शेतावर बेपर्वाई वाढली असेंहि समजूं नये. लोक बोलूं लागले, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या घरीं बैल गेल्यापासून एक वही घातली आहे. शाळेची साधी शंभरपानी वही असून तिला पांच रकाने आखले आहेत : दिवस व वेळ, जागा अथवा यंत्र, काय घडलें, काय घडूं शकलें असतें, आणि त्यावर काय केलें. नांवाचा रकाना मुद्दाम ठेविला नाहीं. वही आम्हीं सौभाग्यवतीच्या स्वाधीन केली आहे. सालगड्यास व मजूर बायांस आमच्यापेक्षां तिच्याशीं बोलणें सोपें जातें, व मजुरी कापण्याचा अधिकार तिनें आपण होऊन सोडलेला आहे. ज्यास लिहितां येत नाहीं त्यानें सांगावें, दुसऱ्यानें लिहावें. पुष्कळ नोंदी सालगड्याच्या सहावींतील मुलीच्या हस्ताक्षरांत आहेत, आणि त्या आमच्यापेक्षां नेटक्या आहेत. सांगणाऱ्यास बोल लावावयाचा नाहीं, हा नियम. त्यास अपवाद दोनच, दारू पिऊन यंत्रावर येणें आणि जाणूनबुजून दुसऱ्यास धोक्यांत घालणें. तेथें माफी नाहीं.

पांचव्या रकान्याविषयीं मात्र थोडें अधिक सांगितलें पाहिजे. त्यांत ‘जपून काम करावें अशी समज दिली’ असें लिहावयाचें नाहीं. आरंभीं आम्हीं तसेंच लिहीत होतों. कचेरींतील हाताला तेंच वळण. समज दिल्यानें पट्टा झांकला जात नाहीं. मनुष्य थकणार, घाई करणार, त्याचें लक्ष घरच्या आजारी पोराकडे जाणार, हें धरूनच चालावें, आणि तसें झालें तरी हात दातांपर्यंत पोंचूं नये अशी कांहीं तरी तजवीज वस्तूंतच करावी. स्टार्टरचेंच पाहा. नवी केबल रबरी बुचांतून आंत घेतली, अर्थिंगचा खड्डा नव्यानें भरला, आणि गळती होतांच वीज तोडणारी एक कळ बसविली, जिला वायरमन आरसीसीबी म्हणतात. माणसाच्या रक्षणासाठीं ती 30 मिलिअँपिअरची घेतात. तिच्यावरील तपासणीची कळ महिन्यांतून एकदां दाबून पाहावी लागते. सगळा खर्च बैलाच्या किमतीच्या मानानें सांगण्यासारखाहि नव्हता. रकाना रिकामा राहूं लागला तर मात्र वही बंद करावी हें बरें. कारण सांगून कांहीं होत नाहीं, असें एकदां मजुरांच्या मनानें घेतलें कीं पुढें तीं तोंड उघडीत नाहींत.

मंडळानें अशा नोंदी सभासदांकडून मागवाव्या, नांवें गाळून मासिक सभेंत वाचून दाखवाव्या आणि ह्या मासिकांत पानभर जागा त्यांस द्यावी, अशी आमची सूचना आहे. एकाच बनावटीचे हडंबे, एकाच तऱ्हेचे स्टार्टर आपणा सर्वांच्या घरीं आहेत. एकाची मुंगी दुसऱ्याचा बैल वांचवील. नमुना म्हणून आमच्या वहींतील तीन नोंदी खालीं देतों.

आश्विन, रात्रीं नऊनंतर. विहिरीवरील मोटार. वीज गेली होती. पंपाच्या कपलिंगमध्यें गवत अडकलें म्हणून हात घातला. हात बाहेर काढला आणि त्याच क्षणीं वीज येऊन ऑटोस्विचनें मोटार आपोआप सुरू झाली. बोटें गेलीं असतीं, कदाचित् हातहि. केलें तें : ऑटोस्विच काढून टाकला. मोटारीस हात लावण्यापूर्वीं तिन्ही किटकॅट फ्यूज काढून खिशांत ठेवावयाचे. खिसा ज्याचा, हात त्याचाच.

वैशाख, दुपारीं. शेजाऱ्याची जुनी विहीर. गाळ काढण्यासाठीं डिझेल इंजिन विहिरींतील ओट्यावर उतरवून पाणी उपसत होते. कंदील सोडून पाहिला तो जळत राहिला, म्हणून खालीं उतरले. दोघांचीं डोकीं गरगरूं लागलीं, दोर धरून कसेबसे वर आले. दोघेहि खालींच राहिले असते, व त्यांस काढावयास उतरणारेहि. प्राणवायु अगदीं कमी असला तर कंदील विझून तें सांगतो. इंजिनाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायु त्यास कळत नाहीं. केलें तें : इंजिन विहिरींत उतरवावयाचें नाहीं, वर ठेवून उपसावयाचें किंवा विजेचा पंप सोडावयाचा, असें शेजाऱ्याशीं ठरलें, उतरणाऱ्याच्या कमरेस दोर व वर दोन माणसें.

माघ, सकाळीं. कडबाकुट्टीचें यंत्र. मजूर बाईचा पदर पट्ट्याकडे ओढला गेला. पदर जुना होता म्हणून फाटला. नवें लुगडें असतें तर बाई ओढली गेली असती. पट्ट्यावर जाळी नाहीं. केलें तें : यंत्र बंद ठेविलें आहे, कडबा तूर्त कोयत्यानें तोडतों, जाळी लोहाराकडे टाकली असून ती बुधवारीं मिळावयाची आहे.